दरखास्त टाकणार कोण? नेपाळच्या शांतता करारातलं उरलेलं काम

शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहून विचारलं आहे: "नेपाळमध्ये 2006 साली शांतता करार झाला. माओवाद्यांनी शस्त्रं ठेवली, राजेशाही गेली, नवी राज्यघटना आली, त्यांचे नेते प्रचंड तीनदा पंतप्रधान झाले. तरी प्रत्येक अहवालात 'अंमलबजावणी अपूर्ण' असंच का असतं? नेमकं काय राहिलंय आणि का? लघुप्रबंधाला सुरुवात कुठून करू?"

मी पेशाने दिवाणी वकील. कोल्हापुरात कसबा बावड्याची नवी इमारत व्हायच्या आधी, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात माझी उमेदवारी गेली. मधली चार वर्षं, 2008 ते 2012, नेपाळात काढली. एका परदेशी संस्थेसाठी करारातल्या कलमांचं पुढे काय झालं याच्या नोंदी ठेवायचं काम होतं. परत आलो आणि पुन्हा दरखास्ती चालवायला लागलो. त्यामुळे उत्तर थोडं कोर्टाच्या भाषेत येईल, सांभाळून घ्या.

हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या, अंमलबजावणीसाठी जो अर्ज करतात त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. निकाल लागला की विषय मिटला असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पक्षकार त्या दिवशी पेढे घेऊन येतात आणि आम्ही वकील ते खातो, पण मनातून आम्हाला माहीत असतं की आता कुठे सुरुवात आहे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, 1872 सालीच लिहून ठेवलंय. दीडशे वर्षांनी, 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा. पण दरखास्त चालण्याआधी ती कुणीतरी टाकावी लागते. तुमच्या प्रश्नाची मेख तिथे आहे.

एक प्रकरण सांगतो, गाव-नाव गाळून. पन्हाळा तालुक्यातलं. दोन भाऊ, एक बहीण. वडील वारल्यावर सामाईक विहिरीवरून भांडण पेटलं. मोटर कुणाची, पाळी कुणाची, यावरून एकदा तर कोयता निघाला. पाच वर्षं वाटपाचा दावा चालला आणि शेवटी तडजोड झाली. तडजोडीच्या पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी कागदात, अकरा कलमं होती. थोरल्याला विहिरीकडचं रान, धाकट्याला ओढ्याकडचं रान आणि जुनं घर. पाणी दोन दिवस याला, दोन दिवस त्याला. एकमेकांवरच्या पोलीस केसेस मिटवून घ्यायच्या. नववं कलम बहिणीचं होतं. कायद्याने तिचा तिसरा हिस्सा होता, पण तिने 20 गुंठ्यांवर समाधान मानलं. रस्त्याकडेचे 20 गुंठे दोन्ही भावांनी आपापल्या हिश्शातून निम्मे-निम्मे काढून तिच्या नावे करून द्यायचे, असं ठरलं.

बाकीची दहा कलमं दीड-दोन महिन्यांत पार पडली. बांध पडला, फेरफार झाले, केसेस मिटल्या, पाळीचा कागद विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत आतून चिकटवला गेला. हे भाऊ अचानक शहाणे झाले असं काही नव्हतं. थोरल्याने पाळी चुकवली तर धाकटा मोटर बंद पाडणार, आणि धाकट्याने घराचा ताबा घेऊन केस मिटवली नाही तर थोरला घराची वाट अडवणार. याचं कलम त्याच्या कलमाला तारण होतं. नववं कलम मात्र जिथल्या तिथे राहिलं. थोरला म्हणायचा, धाकट्याने आधी काढून द्यावेत. धाकटा म्हणायचा, थोरल्याने. इतर बाबतीत एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे या एकाच बाबतीत कमालीचे एकमताचे होते.

मी बहिणीला, आक्कांना, निरोप धाडला, दरखास्त टाकूया, बारा वर्षांची मुदत असते, निघून जाईल. त्या ऑफिसात आल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "भावांवर दरखास्त टाकू व्हय? आणि मग पंचमीला कुठल्या दारात जाऊ?"

अकरा वर्षं त्या रस्त्याकडेच्या रानातला ऊस भावांच्याच नावावर कारखान्याला जात होता.

आता हे डोक्यात ठेवून नेपाळचा करार वाचायला घ्या.

13 फेब्रुवारी 1996 ला माओवाद्यांचं सरकारविरुद्ध युद्ध सुरू झालं. दहा वर्षांत सुमारे 17,000 माणसं मेली, 1,300 हून अधिक बेपत्ता झाली. 21 नोव्हेंबर 2006 ला काठमांडूत पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड यांनी विस्तृत शांतता करारावर सह्या केल्या. त्यात दोन जातीची कलमं आहेत. पहिल्या जातीत सरकार आणि माओवादी एकमेकांचं देणं लागतात. माओवाद्यांना राजेशाही नको होती, संविधान सभा हवी होती, सत्तेत वाटा हवा होता. सरकारला बंदुका बंद व्हायला हव्या होत्या. एकाचं देणं ते दुसऱ्याचं घेणं.

चितवनमधल्या शक्तिखोरला, माओवादी लढाऊंच्या छावणीत, पहिल्यांदा गेलो तेव्हा शस्त्रांचे कंटेनर बघितले. साधे लोखंडी मालाचे कंटेनर, न्हावा शेवाला शेकड्याने दिसतात तसे. आत नंबर घालून नोंदवलेल्या बंदुका. बाहेर संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचा कॅमेरा, आणि कुणी कुलपाला हात घातला की वाजणारा भोंगा. मी विचारलं, चावी कुणाकडे? मला वाटलं होतं मिशनकडे असेल. चावी माओवादी कमांडरच्या खिशात होती. नेपाळी सैन्यानेही तितकीच शस्त्रं काठमांडूच्या छाउनी बराकीत अशीच कुलूप लावून ठेवली होती, त्यांची चावी सैन्याकडे. मला विहिरीवरची ती पेटी आठवली. चावी ज्याची त्याच्याकडेच, पण भोंगा वाजला तर दुसऱ्याला लगेच कळणार. एवढ्यावर सगळं उभं होतं, आणि ते टिकलं.

सुरळीत झालं असं मात्र नाही. सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांमध्ये आधी 32,250 जणांनी नावं नोंदवली, पडताळणीत 19,602 लढाऊ ठरले. त्यांचं पुढे काय करायचं यावर पाच वर्षं घोळ चालला. त्यांना सैन्यात घ्यायचं तर किती, कुठल्या हुद्द्यावर, वेगळी तुकडी की मिसळून, यावर सरकारं पडली. जानेवारी 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मिशन काम अर्धवट टाकून निघून गेलं. शेवटी नोव्हेंबर 2011 मध्ये पक्षांमध्ये सात कलमी समझोता झाला, एप्रिल 2012 मध्ये छावण्या सैन्याच्या ताब्यात गेल्या. सुमारे 1,400 जण सैन्यात गेले, बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. राज्यघटनेचंही तसंच: पहिली संविधान सभा 2008 ला निवडून आली, 2012 ला घटना न करताच विसर्जित झाली, दुसरी 2013 ला निवडली, आणि घटना आली 20 सप्टेंबर 2015 ला. रडतखडत का होईना, ही कामं झाली. कारण ती अडली की कुणीतरी मोठा माणूस अडायचा आणि तो आरडाओरडा करायचा.

दुसऱ्या जातीत दोघे मिळून तिसऱ्याचं देणं लागतात. त्यातलं कलम म्हणजे 5.2.3. करार हातात घ्याल तेव्हा हेच आधी उघडा. युद्धात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता केलेल्या माणसांची नावं, जात, पत्ता यांची खरी माहिती दोन्ही बाजूंनी सही झाल्यापासून 60 दिवसांत जाहीर करायची आणि घरच्यांना कळवायची. इतकं स्पष्ट, तारखेसकट लिहिलेलं कलम कुठल्याही करारात क्वचित सापडेल. मी दिवाणी वकील म्हणून सांगतो, मसुदा उत्तम आहे.

बर्दिया जिल्ह्यात 200 हून अधिक माणसं बेपत्ता झाली, त्यात थारू या आदिवासी समाजाची सर्वाधिक. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर 2008 मध्ये यावर अहवाल काढला. त्यांनी तपासलेल्या 170 प्रकरणांपैकी 156 मध्ये सरकारी यंत्रणेवर आणि 14 मध्ये माओवाद्यांवर बोट होतं. तिथल्या एका घराच्या ओसरीवर मी बराच वेळ बसलो होतो. त्या बाईचा नवरा 2002 मध्ये रात्री उचलून नेलेला. तिच्याकडे प्लास्टिकची पिशवी होती, आपल्याकडे म्हातारी माणसं सात-बारा आणि रेशनकार्ड ठेवतात तशी. त्यात नवऱ्याचा लॅमिनेट केलेला फोटो, तीन-चार अर्जांच्या पोच आणि कराराची छापील प्रत. 5.2.3 खाली बॉलपेनने रेघ मारलेली. कुणा मास्तरने मारून दिली होती. तिने मला एकच प्रश्न विचारला: साठ दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे?

मी तारीख सांगितली. तिने मान हलवली, जणू काही तोपर्यंत मोजायला सुरुवात करायचीच राहिली होती.

सिंदूर लावावं तर गाव कुजबुजतं, न लावावं तर सासू म्हणते, माझ्या लेकाला तू जिता मारतेस. जमीन सासऱ्याच्या नावावर. ती मुलांच्या नावावर यायची तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा, आणि दाखला मागायचा म्हणजे तो मेला हे आधी स्वतः लिहून द्यायचं. ती बराकीत गेली तेव्हा सांगितलं गेलं, आमच्याकडे नोंद नाही, आयोग येईल. माओवाद्यांच्या कार्यालयात गेली, त्यांच्या सत्तेचे दिवस होते, त्यांनीही चहा पाजून सांगितलं, आयोग येईल. दहा वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन्ही बाजूंचं उत्तर शब्दशः एक होतं.

आयोगाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि कंटाळवाणी असणं हाच तिचा उपयोग होता. 1 जून 2007 ला नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता व्यक्तींसाठी चौकशी आयोग नेमा असा आदेश दिला. 2013 मध्ये वटहुकूम आला, त्यात माफीच्या पळवाटा होत्या, म्हणून न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये तो अडवला. त्याच वर्षी कायदा झाला, पळवाटा पुन्हा तशाच. फेब्रुवारी 2015 मध्ये सत्य निरूपण आणि बेपत्ता अशा दोन्ही विषयांचे आयोग नेमले गेले, आणि त्याच महिन्याच्या 26 तारखेला न्यायालयाने माफीच्या तरतुदी पुन्हा रद्द केल्या. आयोगांना नियमावली मिळायलाच वर्ष गेलं. मग तक्रारी आल्या: सत्य निरूपण आयोगाकडे 63,000 हून अधिक, बेपत्ता आयोगाकडे 3,200 हून अधिक. मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ. 2022 ते 2025 दोन्ही आयोगांना सदस्यच नव्हते. कार्यालय होतं, कपाटं होती, तक्रारी कपाटात होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मे 2025 मध्ये नवे सदस्य आले, आणि नेमणुकांच्या पद्धतीवरून पीडित कुटुंबंच नाराज झाली.

याला लोक 'राजकीय इच्छाशक्तीचा अभाव' म्हणतात. हा शब्द प्रबंधात वापरू नका, मी परीक्षक असतो तर लाल रेघ मारली असती. इच्छाशक्ती भरपूर होती, ती उलट्या दिशेला होती. मैना सुनुवार ही पंधरा वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2004 मध्ये सैन्याच्या ताब्यात मेली. 2017 मध्ये काभ्रे जिल्हा न्यायालयाने तीन अधिकाऱ्यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. दुसरीकडे बाळकृष्ण ढुंगेल हे माओवाद्यांचे नेते. 1998 मधल्या एका खुनात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. ते मोकळे फिरत राहिले, शेवटी 2017 मध्ये पकडले गेले, आणि पुढच्याच वर्षी प्रजासत्ताक दिनाला त्यांना माफी मिळाली. सैन्याचा माणूस वाचतो तेव्हा माओवादी गप्प, माओवादी वाचतो तेव्हा सैन्य गप्प. नववं कलम.

अपूर्ण राहिलेली कलमं एका ओळीत मांडली तर त्या प्रत्येकात हेच दिसेल: दोन्ही सहीदार देणेकरी आहेत आणि घेणेकरी सहीच्या खोलीत नव्हता. बळकावलेल्या जमिनी आणि घरं परत करायचं कलम घ्या. छोट्या मालकांना कागदावर जमीन मिळाली, पण कसणारा उठायला तयार नाही. पडताळणीत बाद झालेल्या 4,008 जणांचं घ्या. त्यातले 2,973 जण लढाईच्या काळात अल्पवयीन होते, बाकीचे युद्धबंदीनंतर भरती झालेले. 2010 च्या सुरुवातीला त्यांना छावण्यांतून घरी पाठवलं. कागदावर त्यांच्यासाठी शब्द होता 'अयोग्य'. बारा-तेराव्या वर्षी बंदूक दिली तेव्हा कुणी योग्यता तपासली नव्हती. त्यातला एक मुलगा मला म्हणाला होता, बायकोच्या माहेरी हा कागद कसा दाखवू. संयुक्त राष्ट्रांचा शब्द, सरकारचा कागद, पक्षाची मूकसंमती. तक्रार करायची तर यातल्या कुणाकडे?

बाहेरची उदाहरणं लागतील, तर चार-पाच पुरेत.

आसाम करार, 15 ऑगस्ट 1985. त्यातून आयआयटी गुवाहाटी उभी राहिली, नुमालीगढची रिफायनरी उभी राहिली. सहावं कलम, म्हणजे आसामी लोकांची ओळख आणि संस्कृती जपण्यासाठी घटनात्मक संरक्षण, त्यावर समित्या बसत राहिल्या, न्या. बिप्लवकुमार शर्मा समितीचा अहवाल 2020 मध्ये आला आणि चर्चा अजून चालूच आहे. आपल्याकडे धरणाची भिंत वेळेत उभी राहते आणि धरणग्रस्त वर्षानुवर्षं कलेक्टर कचेरीसमोर बसलेले असतात. हे कोल्हापूरकरांना वेगळं समजावायला नको.

चटगाव डोंगरी भागाचा 1997 चा करार बघा, बांगलादेशातला. त्यात 72 कलमं. किती पूर्ण झाली हे विचारलं तर सरकार एक आकडा सांगतं आणि सही करणारी डोंगरी आदिवासींची जनसंहती समिती त्याच्या निम्म्याहून कमी सांगते. म्हणजे मोजणीवरच वाद, आपल्या बांधावर होतो तसाच. तिथेही जमिनीचं कलमच अडकून आहे. भूमी आयोगाचा कायदा 2001 चा, दुरुस्ती 2016 ची, अर्ज हजारोंनी पडून.

आपल्या घरातलाही एक तह आहे. 13 एप्रिल 1731 चा वारणेचा तह, सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यातला. वारणा ही हद्द, एकमेकांचे चाकर ठेवायचे नाहीत, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. प्रत्येक कलम दुहेरी, तुम्ही-आम्हीचं. पुण्याकडे जाताना किणीचा टोलनाका ओलांडलात की पुढे वारणेचा पूल लागतो, तिथे सांगली जिल्हा सुरू होतो. ती हद्द अजून तिथेच आहे.

उलटं उदाहरण उत्तर आयर्लंडचं. 10 एप्रिल 1998 चा करार. शस्त्रं दोन वर्षांत संपवायची होती, 2005 उजाडलं. बऱ्याच गोष्टी अजून अर्धवट आहेत. पण तिथेही गुपचूप मारून पुरलेली माणसं होती, आणि त्यांच्यासाठी 1999 मध्ये ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी मिळून एक वेगळा आयोग नेमला. त्याला फक्त एक काम दिलं: मृतदेह शोधा. मिळालेली माहिती कुणाविरुद्ध कोर्टात वापरायची नाही अशी अट घातली. 17 पैकी 13 जणांचे अवशेष सापडले. यात खुनी सुटतात, हे मला रुचत नाही आणि अनेक कुटुंबांनाही रुचलं नाही. पण दरखास्त चालवणारा एक स्वतंत्र माणूस बसवला की काय होऊ शकतं ते दिसतं. कोलंबियाचा, सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातला, 2016 चा करार वाचायला जड आहे, 578 तरतुदी, आणि अमेरिकेतली एक विद्यापीठ संस्था त्या एकेक करून मोजते. सहा-सात वर्षांनी जेमतेम एक तृतीयांश पूर्ण होत्या, सगळ्यात मागे ग्रामीण जमिनीच्या सुधारणा. मात्र तिथे हवानातल्या वाटाघाटींच्या वेळी 2014 मध्ये पीडितांचे पाच गट, एकूण 60 जण, टेबलासमोर बसून बोलून आले होते. त्यामुळे त्यांची कलमं निदान विसरता येत नाहीत.

तुम्ही पुढे विचाराल, की सगळं उकरून काढलं तर शांतता मोडेल ना? नेपाळात हे मला दर दुसऱ्या माणसाने विचारलं, बहुतेक वेळा ज्याच्यावर आरोप होता त्याने. नेपाळात युद्ध परत पेटलं नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण पन्हाळ्यातल्या त्या गावातही अकरा वर्षांत परत कोयता निघाला नव्हता. भावांच्या दृष्टीने तडजोड शंभर टक्के यशस्वी होती. तुमच्या प्रबंधात 'यशस्वी' हा शब्द कुणाच्या ओसरीवर बसून लिहिताय, ते आधी ठरवा.

आक्कांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

अकराव्या वर्षी रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं भूसंपादन आलं. रस्त्याकडेचं रान गेलं आणि मोबदल्याचा आकडा ऐकून दोन्ही भावांना घाम फुटला. सात-बाराच्या इतर हक्कात आक्कांचं नाव तसंच राहिलेलं. संपादनाच्या कार्यालयात सांगितलं गेलं, बहिणीची संमती आणा. दोघे भाऊ मिठाईचा पुडा घेऊन, एका गाडीतून, तिच्या सासरी गेले. तिने पाणी दिलं, चहा दिला, पुडा देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आधी नववं कलम." नंबर तिच्या पक्का लक्षात होता. दरखास्त टाकावीच लागली नाही. सहा गुंठे रस्त्यात गेले होते, त्यांचे पैसे तिला मिळाले. चौदा गुंठ्यांची मोजणी होऊन हद्दी कायम झाल्या. मोजणीच्या दिवशी थोरला टेप धरायला स्वतः उभा होता.

तेव्हा देणेकऱ्याला घेणेकऱ्याकडून कधी आणि कशासाठी सही लागते ते शोधा. नेपाळी सैन्याचा 'महामार्ग' म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना. नेपाळ जगातल्या सर्वांत मोठ्या सैनिक पुरवणाऱ्या देशांपैकी एक आहे; त्यात मान आहे आणि डॉलरही. डिसेंबर 2009 मध्ये मैना सुनुवार प्रकरणात आरोपी असलेल्या एका मेजरला चाडमधल्या शांतिसेनेतून परत पाठवण्यात आलं. (2017 च्या निकालात तो निर्दोष सुटला, हेही लिहा.) मायदेशी आल्यावर सैन्याने त्याला पोलिसांच्या हवाली केलं नाही, पण काठमांडूत त्या आठवड्यात जी धावपळ मी बघितली, ती आयोगाच्या कुठल्याही आदेशाने कधी झाली नव्हती. जानेवारी 2013 मध्ये नेपाळी सैन्याचे कर्नल कुमार लामा यांना ब्रिटनमध्ये छळाच्या आरोपावरून अटक झाली. 2016 मध्ये तेही सुटले. मधल्या काळात मात्र परदेशी जाणारे दोन्ही बाजूंचे बडे लोक विमानतळावर जरा विचार करून जात होते.

यात धोकाही आहे. देणेकरी घाबरला की देणं फेडतोच असं नाही, कधी तो दिवाळखोरीचा अर्ज टाकतो. माफीच्या पळवाटांचा वटहुकूम लामांच्या अटकेनंतर दोनच महिन्यांनी निघाला होता. योगायोग असेल, पण मी वकील आहे, योगायोगावर माझा विश्वास जरा कमीच.

आता सुरुवात कुठून. सगळा करार घेऊ नका, बुडाल. पाचव्या भागातली दहा-बारा कलमं घ्या आणि मोठ्या कागदावर चार रकाने आखा: करायचं कुणी, मिळायचं कुणाला, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर दाद मागायची कुणाकडे. नेपाळी देवनागरीतच आहे, मूळ प्रत डोळ्यासमोर ठेवा. इंग्रजी भाषांतरात 'दोन्ही पक्ष' हे शब्द किती वेळा येतात ते कळतं, पण मूळ वाचताना ते टोचतं. पहिले तीन रकाने भराभर भरतील. चौथ्याशी तुमचा पेन थांबेल. जिथे थांबेल तिथे खूण करा. मग दुसऱ्या कागदावर त्याच कलमांची आजची स्थिती लिहा आणि खुणा जुळवून बघा. काय निघेल ते मी आत्ताच सांगत नाही, माझा अंदाज चुकलेला मला बघायला आवडेल. 5.2.3 समोर कालमर्यादेच्या रकान्यात 20 जानेवारी 2007 लिहा. सहीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर तीच तारीख येते, मी त्या ओसरीवर बोटं मोजून काढली होती.

तक्ता झाला की घेऊन या. बुधवारी दुपारनंतर मला कोर्टात बोर्ड, म्हणजे सुनावणीची कामं, नसतात. चौथा रकाना पेन्सिलीने भरा, खोडावा लागेल.